लाल रेघ मारलेली चौदा पानं

"रत्ने! ए रत्ने! हातातलं टाक आणि आधी इकडे ये!"

आमच्या छापखान्याचे मालक नाना करंबेळकर, त्यांचा आवाज तसा नेहमीच वरच्या पट्टीतला. पण त्या सकाळी तो असा कडाडला की माझ्या हातातला अक्षरजुळणीचा खिळा निसटून थेट पायावर पडला. नाना नुकतेच पुण्याहून आले होते. खांद्यावरची पिशवी तशीच, टोपी कानावर कलंडलेली, आणि हातात आमच्या 'फुलबाजा' दिवाळी अंकाचा ताजा फर्मा, छापून निघालेला अख्खा ताव. शाई अजून ओली होती. त्यांच्या अंगठ्याला लागलेली मला लांबूनच दिसली.

"हे काय आहे?"

"मास्तरांचा फर्मा," मी म्हणाले. "आठ पानं."

"ते दिसतंय मला, आंधळा नाही झालो! मजकूर कुठला आहे हा? वर मथळा 'गोदाक्काची दिवाळी' आणि खाली हे कुणाचं रडगाणं? एक विनोद दाखव मला यात. एक!"

मी मान खाली घातली. "पानं पालथी पडली असतील, नाना. मागची बाजू जुळवली गेली वाटतं."

"वाटतं? अगं, मागच्या बाजूला लाल रेघ असते ना आडवी! बारा वर्षं त्यांचं लिखाण जुळवतेयस तू. रेघ नाही दिसली?"

"नाही दिसली," मी म्हणाले.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे जळून जावं. मग ते मशीनकडे वळले. "चाचा, किती काढले?"

आमचे मशीनमन हुसेनचाचा मुलाणी हातातल्या फडक्याला उगाचच हात पुसत म्हणाले, "पुरे दोन हजार, नाना. आताच शेवटचा निघाला."

नाना मटकन स्टुलावर बसले. त्र्याहत्तर साल होतं ते. कागदाची अशी टंचाई की कोट्याचं रीम मिळवायला नानांनी तीन महिने हेलपाटे घातले होते. पुन्हा छापायचं म्हटलं तर छापखान्यात शंभर फर्म्यांचाही कागद उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी वसुबारस. त्याच संध्याकाळी गठ्ठे एसटीवर चढवायचे होते. 'र. पां. मसूरकर तीन वर्षांनंतर पुन्हा येत आहेत!' अशी जाहिरात नानांनी सातारा, सांगली, कोल्हापूर सगळीकडे ठोकून दिली होती. मुखपृष्ठावर गोदाक्काचं चित्र, हातात लाटणं घेतलेलं.

"आणि साडेदहाच्या वाई गाडीनं मास्तर येतायत," नाना म्हणाले. "त्यांनी नाही म्हटलं की ही आठ पानं फाडायची आणि अंक मास्तरांशिवाय काढायचा. म्हणजे अंक बुडाला, मी बुडालो आणि तो माणूस तर कायमचा बुडाला. आणि रत्ने, तू उद्यापासून येऊ नकोस. साडेदहापर्यंत काय असेल ते तुझं नशीब."

घड्याळात सव्वानऊ झाले होते.

मास्तर म्हणजे कोण, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. त्या काळी सांगावं लागत नव्हतं. गोदाक्काच्या गोष्टी वाचून अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसायचा. गोदाक्का म्हणजे गोष्टीतल्या निवेदकाची बायको. जाडजूड, बडबडी, भाबडी, दर गोष्टीत काहीतरी गोंधळ घालणारी. आणि गोष्टीच्या शेवटी तिचं ते ठरलेलं वाक्य, "माझं मेलीचं कोण ऐकतंय!" हे वाक्य लोकांच्या इतकं तोंडी बसलं होतं की लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, भाजीच्या मंडईत, जिथं तिथं ऐकू यायचं. मीही म्हणायचे. खिळ्यांत तर मी ते पन्नास वेळा जुळवलं होतं.

पण लोकांना हसवणाऱ्या माणसाच्या घरी काय चाललंय ते कुणाला ठाऊक असतं? मास्तरांची खरी बायको, इंदूताई, पाच वर्षांपूर्वी घर सोडून इथे साताऱ्याला भावाकडे आल्या. मास्तर वाईला एकटे राहिले. आधी थोडी घ्यायचे, मग सकाळपासून घ्यायला लागले. शाळेनं नारळ दिला. हात इतका थरथरायला लागला की अक्षराच्या मुंग्या झाल्या. तीन वर्षं एक ओळ नाही. प्रकाशक आले नि गेले. लोक म्हणायला लागले, मसूरकर संपले.

आमच्या नानांनी मात्र पिच्छा सोडला नाही. दर पंधरा दिवसांनी वाईला जायचे, बाटली खिडकीबाहेर ओतायचे, शिव्या खायचे, परत यायचे. अखेर वसुबारसेच्या पाच दिवस आधी एसटीच्या कंडक्टरनं एक पाकीट आणून दिलं. आत चौदा पानं. वर थरथरत्या अक्षरात 'गोदाक्काची दिवाळी'. नाना लहान मुलासारखे नाचले हो! मला म्हणाले, "तूच जुळव. त्यांचं अक्षर तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला लागत नाही." आणि मुखपृष्ठं आणायला पुण्याला गेले.

मास्तरांची एक खोड होती. कोऱ्या कागदावर त्यांना लिहिताच यायचं नाही. जुन्या उत्तरपत्रिका, लग्नपत्रिका, स्वतःचं रद्द केलेलं लिखाण, असल्या पाठकोऱ्या कागदांवर ते लिहायचे. जुन्या बाजूला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक लाल रेघ ओढायची आणि उलट बाजूला नवं लिहायचं. रेघ असेल तिकडे बघायचं नाही, हा आमच्या छापखान्याचा नियम. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच सांगायचे.

आणि मी त्या नियमाची पक्की. खरं सांगायचं तर कंपोझिटर वाचत नाही. त्याला अक्षर दिसतं, अर्थ दिसत नाही. खिळ्यावरची अक्षरं उलटी, ओळ उलटी, अशात अर्थ शोधत बसलं तर दिवसाला एक पान होणार नाही.

तर असा तो सव्वानऊ ते साडेदहाचा सव्वा तास. नाना अंक शिवणाऱ्या बाइंडरला थांबवायला निघून गेले. मी माझ्या खणांसमोर बसून खिळे नीट लावत होते आणि एकही नीट लागत नव्हता. हुसेनचाचा मशीनला तेल घालत होते.

"बेटी," ते म्हणाले, "मी पानं छापतो, वाचत नाही. पण कालचं पहिलं पान शाई बघायला उचललं आणि खाली ठेवलंच गेलं नाही."

"मग?"

"मग काय. घरी गेलो आणि तुझ्या चाचीला विचारलं, आज दिवसभर काय केलंस? ती घाबरली. म्हणाली, तब्येत बरी आहे ना?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणीही आलं. तेवढ्यात दारात सावली पडली.

मास्तर वेळेच्या आधी आले होते. अंगात धुतलेला सदरा, दाढी स्वतःच केलेली, कारण हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. अंगाला दारूचा वास नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा नव्हता. त्यांचा रिवाज होता, आपला फर्मा निघाला की पहिला कागद हातात घ्यायचा, नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "जन्मलं बाळ!"

"काय रत्ना, जन्मलं का बाळ?" ते म्हणाले. किती आनंदात होते!

"मास्तर, आधी बसा."

"बसायला आलो नाही गं. दे इकडे."

मी फर्मा दिला. त्यांनी तो नाकाशी धरला. डोळे मिटले. मग डोळे उघडले आणि वाचायला लागले.

पहिल्या ओळीलाच त्यांचा चेहरा पांढरा पडला. उभ्या उभ्या वाचत राहिले. चाचांनी तेलाची बुधली खाली ठेवली. मला ओळन् ओळ पाठ होती, त्यामुळे त्यांचे डोळे कुठे पोचलेत ते मला बरोबर कळत होतं. आता इंदूताईंच्या वाळवणांच्या गोष्टीवर आले. आता तिच्या आईच्या मरणावर, ज्याच्यातून त्यांनी पुढे एक विनोदी प्रसंग काढला होता. आता त्या ओळींवर आले:

'इंदू तसं खरंच म्हणायची. माझं मेलीचं कोण ऐकतंय! ती म्हणायची तेव्हा मी मान वर करायचो. ती आशेनं थांबायची. तिला वाटायचं, ऐकलं यांनी. मी पेन्सिल शोधत असायचो.'

मास्तर खाली बसले. स्टूल नव्हतं तिथे, कागदाच्या कातरणाच्या ढिगावरच बसले.

"माझे मूळ कागद आण," ते म्हणाले.

मी आणले. त्यांनी फर्मा बांधायच्या दगडावर चौदाच्या चौदा कागद ओळीनं मांडले. नवी बाजू वर. एक ते चौदा आकडे बरोबर होते. मग एकेक करून उलटे केले. चौदाही पानांवर लाल रेघ.

"नाना काय म्हणाले तुला?"

"पानं पालथी पडली आणि चुकून जुळवली असं मीच त्यांना सांगितलं."

"चुकून." त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "हे वाच."

मी वाचलं. ते वाक्य अर्ध्यातूनच सुरू होत होतं.

"आता हे दुसरं. ह्यात ती घर सोडून गेली. आणि हे तिसरं, ह्यात आमचं लग्न होतंय." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "पाठकोरे कागद मी गड्डीतून हाताला येतील तसे ओढतो, रत्ना. मागच्या बाजूला आकडेसुद्धा टाकलेले नव्हते. सगळा मजकूर विस्कटलेला. आणि तुझ्या फर्म्यात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ लागलाय. एक वाक्य इकडचं तिकडे नाही. चूक इतकी शहाणी असते का गं?"

मी तिसरा कागद उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवला.

"लाल रेघ दिसली होती?"

"दिसली," मी म्हणाले.

होय. दिसली होती. चौदाही पानांवर दिसली होती. चार दिवसांपूर्वी दुपारी मी नव्या बाजूनं जुळवायला घेतलं होतं. तीन ओळी झाल्या. गोदाक्का फराळाच्या डब्यात साबण ठेवते, असला काहीतरी विनोद. हात चालेना. मला वाटलं अक्षर लागत नाहीये. मग कळलं, अक्षर लागतंय, मलाच हसू येत नाहीये. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं एक पान उलटलं. लाल रेघेखाली एकच शब्द वाचला, इंदू. आणि मग मी थांबलेच नाही. दार लावून घेतलं, चौदा पानं जमिनीवर पसरली आणि गुडघ्यावर बसून ती जुळवत बसले. हे पान कुठलं, ते कुठलं, ह्या वाक्याचं शेपूट कुठे गेलं. संध्याकाळपर्यंत क्रम लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्थ वाचला. दुसऱ्या दिवसापासून ती बाजू जुळवायला घेतली, आणि फक्त मथळा नव्या बाजूचा ठेवला.

"कुणी सांगितलं होतं तुला?" मास्तर आता उठले होते. आवाज चढला होता. "हे मी पाच वर्षांपूर्वी लिहिलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. लिहिलं, वाचलं आणि स्वतःच्या हातानं रेघ मारली. माझी रेघ पुसणारी तू कोण? लोक मला हसण्यासाठी घेतात हातात! हे वाचून कोण हसेल?"

"कुणीच नाही हसणार."

"मग?"

"मग बरं होईल!" मी म्हणाले, आणि एकदा तोंड उघडल्यावर मला आवरेना. "मास्तर, मी चिमणपुऱ्यात राहते. इंदूताईंच्या भावाचं घर आमच्या बोळात, तिसरं. ठाऊक आहे का तुम्हाला? त्या बाई आमच्यात आल्या तेव्हा चारचौघींसारख्या नळावर यायच्या. कळशी लावायच्या, दोन शब्द बोलायच्या. एक दिवस नळावर भांडण लागलं, कुणाचा नंबर आधी त्यावरून. इंदूताई हळूच म्हणाल्या, 'अहो, माझा नंबर होता.' कुणी ऐकलं नाही. तर मी, मास्तर, मी! सगळ्यांदेखत हात ओवाळून म्हणाले, 'माझं मेलीचं कोण ऐकतंय!' अख्खा नळ हसला. बायका, पोरं, म्हातारीकोतारी, सगळी. मीच तर ती गोष्ट जुळवलेली, मला पाठ होती."

मास्तर बघत राहिले.

"त्यांनी कळशी उचलली. अर्धीच भरली होती. तशीच घेऊन आत गेल्या. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून उजाडायच्या आत पाणी भरतात, कुणी नसतं तेव्हा. बोळातली पोरं त्यांना गोदाक्का म्हणून हाक मारतात आणि पळतात. मी रोज ऐकते. दोन वर्षं मला त्यांच्यासमोर उभं राहायचं तोंड नाही. आणि परवा ही पानं हाताला लागली. त्यात तुम्ही जे लिहिलंय ते त्यांनी वाचायला हवं, त्या पोरांच्या आयांनी वाचायला हवं. तुम्ही रेघ मारलीत आणि उलट बाजूला पुन्हा त्याच बाईच्या हातात साबण दिलात! मला काढून टाका, पोलिसात द्या, काय वाटेल ते करा. मी चूक केलेली नाही. मी मुद्दाम केलंय."

मला माझंच नवल वाटलं. मनावरचं दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं.

मास्तरांनी दगडावरच्या कागदांकडे पाहिलं.

"उजाडायच्या आत म्हणजे किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"साडेचार. थंडीतसुद्धा."

"तिला थंडी सोसत नाही," ते म्हणाले. "पायाला भेगा पडतात."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग मान फिरवून भिंतीकडे उभे राहिले. चाचा डोळे पुसत मशीनमागे गेले. आणि नेमके तेव्हाच नाना धापा टाकत दारात! बाइंडर त्यांच्या मागोमाग.

"मास्तर, आलात? माफी मागतो, हात जोडतो," नाना म्हणाले. "ह्या मूर्ख पोरीनं पानं उलटी जुळवली. आजच काढतो तिला. तुम्ही म्हणाल तसं करू. फाडा म्हणालात तर आत्ता फाडतो."

फाडा किंवा राहू द्या. सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं. माझी नोकरी गेली तर गेली, दुसरीकडे खिळे जुळवले असते. पण ती पानं गेली असती तर दुसरीकडे कुठेच मिळाली नसती.

मास्तर वळले. "तिची चूक नाही, नाना. पाकिटात पानं मीच उलटी भरली. मथळा तेवढा चुकून दुसऱ्या बाजूला राहिला."

नानांचं तोंड उघडंच राहिलं. "आणि ती रेघ?"

"जुनी सवय. हात थरथरतो, कुठल्या बाजूला मारतोय ते कळत नाही."

"पण वाचक हसायला घेतात हो आपला अंक!"

"ह्या वर्षी नाही हसले तर पुढल्या वर्षी मला घेऊ नका."

नानांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नाना काही दुधखुळे नव्हते. पण त्यांनी फर्मा उचलला, प्रथमच बसून नीट वाचला. शेवटचं पान संपलं तेव्हा बाइंडरवर खेकसले, "बघत काय उभा राहिलास? शिवायला घे! संध्याकाळी एसटी चुकली तर तुझी तंगडी मोडीन!"

काय धावपळ उडाली हो मग! घड्या घाल, शिव, काप, मुखपृष्ठ चिकटव. मास्तर स्वतः घड्या घालायला बसले. थरथरत्या हातानं घडी वाकडी जायची, मी पुन्हा सरळ करायचे. पाचच्या ठोक्याला शेवटचा गठ्ठा स्टँडवर गेला. जाताना एक अंक मी पदराखाली घेतला आणि इंदूताईंच्या दाराच्या कडीत खोचून पळाले, त्या पोरांसारखीच. आवाज द्यायची हिंमत झाली नाही.

दिवाळी गेली. भाऊबीज झाली. चौथ्या दिवशी पोस्टमन आला तो पिशवी उपडी करायला. पत्रंच पत्रं! कुणी शिव्या दिल्या होत्या, आमची गोदाक्का मारलीत म्हणून. कुणी लिहिलं होतं, वाचून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली. सोलापूरच्या एका बाईंनी नुसतं 'बरं केलंत' एवढंच लिहिलं होतं. नाना मोठमोठ्यानं वाचत होते. मास्तर प्रुफांच्या टेबलाशी बसून ऐकत होते. आता ते दर दोन दिवसांनी यायचे, कशाला ते कुणी विचारत नव्हतं.

अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. भर दिवसा, भर रस्त्यानं चालत आलेल्या इंदूताई!

मी उठून उभी राहिले. "या ना, वहिनी," एवढं कसंबसं म्हणाले.

"कडीत अंक खोचलेला तूच ना?" त्यांनी विचारलं. "पैंजणांचा आवाज ओळखला मी."

"वहिनी, त्या दिवशी नळावर मी..."

"ते नंतर." त्यांनी पिशवीतून अंक काढला. पान दुमडून ठेवलं होतं. "यात एक चूक आहे. ती दुरुस्त करायची तर कुणाला सांगायचं?"

मी आतल्या टेबलाकडे हात केला. त्यांनी पाहिलं. मास्तर उभे राहिले होते, खुर्ची मागे पडली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. नानांच्या हातातलं पत्र तसंच अधांतरी.

इंदूताई गेल्या सरळ त्यांच्यासमोर. अंक टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"मी घर सोडलं त्या संध्याकाळी तेच वाक्य म्हणून निघून गेले, असं लिहिलंय तुम्ही. कोण ऐकतंय वगैरे."

"हो," मास्तर म्हणाले.

"नव्हतं म्हटलं. त्या दिवशी मी वेगळंच काहीतरी म्हटलं होतं."

मास्तरांचा चेहरा असा झाला की काय सांगू! "काय म्हणाली होतीस?" ते पुढे झुकले. आणि हात आपसूक टेबलावर चाचपडायला लागला. पेन सापडलं. समोरचा पाठकोरा कागद ओढला.

इंदूताईंनी त्या हाताकडे पाहिलं.

"पेन ठेवा आधी खाली," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. पडलेली खुर्ची उचलून बसले आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. शाळेतल्या पोरासारखे गप्प बसून राहिले.

मी चाचांकडे पाहिलं. चाचांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मशीन सुरू केलं, फर्मा नसतानाच. खडाखड असा आवाज झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. नाना बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले, मीही गेले. काचेतून एवढंच दिसत होतं की इंदूताई बोलतायत. बराच वेळ बोलतायत. मास्तरांनी एकदाही टेबलाकडे पाहिलं नाही.

पुढे मास्तरांची सहा पुस्तकं निघाली. सहाही मीच जुळवली, आणि आता मी अर्थ वाचते. पुन्हा पुन्हा वाचली. घर सोडलं त्या दिवशी इंदूताई काय म्हणाल्या होत्या, ते मास्तरांनी कुठेही लिहिलेलं नाही.